मोफत वकील मिळवायचा कसा: कोर्टाच्या पायरीपासून निकालाच्या नकलेपर्यंत

तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं एक टेबल असतं. आमच्याकडच्या त्या टेबलाशी मी आठवड्यातून दोन दिवस बसते. मी वकील नाही. विधी स्वयंसेवक, म्हणजे सगळे ज्याला पीएलव्ही म्हणतात ती. आलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं, कागद लावून द्यायचे, अर्ज भरायला मदत करायची आणि कुठल्या दारात जायचं ते सांगायचं, एवढं माझं काम. येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, खरंच फुकट आहे का?" दुसरा थोड्या वेळाने येतो, आवाज खाली आणून: "मग तो वकील बरा असतो का?"

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. हो, फुकट आहे, आणि ही कुणाची मेहेरबानी नाही. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ हे कलम आलं. पैसे नाहीत म्हणून कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, ही त्यात शासनावर टाकलेली जबाबदारी आहे. त्यावर विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला १९८७ साली, आणि तो अंमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र थोडं तुमच्याही हातात आहे. वकील सरकारने दिला तरी प्रकरण तुमचंच राहतं, आणि पुढे जे लिहिलंय ते बहुतेक त्याबद्दलच आहे.

सगळ्यात आधी तारीख बघा

योजना, पात्रता, अर्ज हे सगळं नंतर. हातात कोर्टाचा किंवा वकिलाचा कागद आला असेल तर त्यावरची तारीख शोधा.

एक आजोबा एकदा प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. भावकीतल्या जमिनीचा दावा. समन्स मिळून चार महिने झाले होते. बेलीफाने दारात येऊन सही घेतली होती, आजोबांनी तो कागद देवघरात ठेवला होता. "पेरणी उरकली की बघू म्हटलं." तोवर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, देण्याची मुदत टळून गेली होती आणि कोर्टाने पुढचा आदेश करून टाकला होता. तो आदेश रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज, उशिराची कारणं, समोरच्याचं म्हणणं, असं सगळं करावं लागलं. आजोबांना वकील मोफत मिळाला, पण त्याचे पहिले काही महिने आधीची चूक निस्तरण्यात गेले.

म्हणून ह्या काही मुदती डोक्यात ठेवा. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते. कोर्ट कारण बघून ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. चेक परत गेल्याची नोटीस आली तर पैसे द्यायला १५ दिवस मिळतात, ते गेले की समोरचा फिर्याद करायला मोकळा. फौजदारी कोर्टाचं समन्स असेल तर त्या तारखेला हजर राहायचंच, वकील मिळालेला असो वा नसो. हजर राहिला नाहीत तर वॉरंट निघू शकतं.

मोफत मदतीसाठी अर्ज केला म्हणून ही घड्याळं थांबत नाहीत. हे मी टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा ते कुणाच्या कानावर पडत नाही. तारीख दोन-तीन दिवसांवर आली असेल तर टेबलाशी पहिलं वाक्य तेच बोला: "माझी तारीख अमुक दिवशी आहे." गाऱ्हाणं त्यानंतर. आणि अर्ज मंजूर व्हायच्या आत तारीख उगवलीच, तर स्वतः कोर्टात उभं राहून "साहेब, मी विधी सेवेकडे वकिलासाठी अर्ज केलाय, मुदत मिळावी" असं सांगायचं. अर्जाची पोच सोबत न्यायची. न्यायाधीश ऐकून घेतात.

तुम्ही बसता का ह्यात?

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. "आम्ही बीपीएल नाही, आम्हाला कुठलं मिळणार?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आतच सांगते: पिवळ्या रेशनकार्डाचा इथे काही संबंध नाही.

कायद्याच्या १२व्या कलमात यादी आहे. स्त्री असाल तर पात्र. १८ वर्षांखालचं मूल असेल तर पात्र. अनुसूचित जाती किंवा जमातीचे असाल, दिव्यांग असाल, औद्योगिक कामगार असाल, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीत सापडलेले असाल, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार किंवा कारखान्यातल्या दुर्घटनेची झळ बसलेले असाल, तरी पात्र. पोलिस कोठडीत, तुरुंगात, सुधारगृहात किंवा मनोरुग्णालयात असलेला माणूसही पात्र. ह्यांपैकी कुणालाही उत्पन्नाची अट नाही. अट फक्त उरलेल्यांना, म्हणजे वरच्या कुठल्याच गटात न येणाऱ्यांना. महाराष्ट्रात त्यांची मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात असेल तर ५ लाख.

ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. महिन्याला चांगला पगार घेणारी शिक्षिका नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध उभी राहिली तर तिलाही वकील मोफत मिळतो. अशीच एक शिक्षिका माझ्याकडे आली होती. एका कार्यालयाने तिला उत्पन्नाचा दाखला आणायला तहसीलला पाठवलं होतं, दोन हेलपाटे झाले होते. दाखल्याची गरजच नव्हती. असं कुणी सांगितलं तर भांडू नका, पण हलूही नका. "मी स्त्री आहे, १२व्या कलमाच्या क गटातून अर्ज करतेय" एवढं शांतपणे म्हणा. कलमाचा आकडा ऐकला की टेबलामागची मंडळी ताठ बसतात, हा माझा अनुभव.

ती शिक्षिका पुढे म्हणाली, "मला परवडतं, मग दुसऱ्या गरीब बाईची जागा मी कशाला अडवू?" विचार चांगला आहे, पण इथे रांगेतल्या जागा मोजलेल्या नाहीत. तुम्ही घेतलंत म्हणून दुसरीचं कमी होत नाही. शिवाय पगार हातात येतो म्हणजे तो खर्च करायची मुभा असतेच असं नाही, हे अशा घरांमध्ये राहिलेल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

पात्रतेच्या जोडीला आणखी एक गोष्ट बघितली जाते: प्रकरणात प्रथमदर्शनी काही तथ्य आहे का. शेजाऱ्याला धडा शिकवायला म्हणून दावा लावायचा असेल तर तिथे अर्ज अडतो, आणि अडायलाच हवा.

कुठे जायचं

जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, आणि रोजचं कामकाज बघणारे सचिव हेही न्यायाधीशच असतात. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. हायकोर्टाची स्वतःची समिती आहे, मुंबईत आणि नागपूर व छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठांतही. प्रकरण ज्या कोर्टात आहे किंवा जिथे लावायचंय, त्या पातळीच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. कुठलं ते कळलं नाही तर जवळ असेल तिथे द्या. योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे.

कोर्टात पाऊल टाकायचीच भीती वाटत असेल तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे नालसाचा, टोल फ्री नंबर आहे. नालसाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही करता येतो. गावातल्या सामान्य सेवा केंद्रातून (सीएससी) टेली-लॉ सेवेद्वारे वकिलाशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता येतं. तो सल्ला असतो, तो वकील तुमच्यासाठी कोर्टात उभा राहणार नाही, हा फरक ध्यानात ठेवा. मारहाण चालू असेल तर आधी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावा. मुलांसाठी १०९८. अर्ज उद्याही करता येईल.

महाराष्ट्रात आणखी एक दार आहे, जे पुष्कळ बायकांना माहीत नसतं. मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. पुढे असे कक्ष राज्यभर पोलिसांच्या आवारात उघडले. तिथे प्रशिक्षित समाजसेविका बसतात. तक्रार नोंदवायची की नाही हेच अजून ठरत नसेल, तर वकिलाआधी त्यांच्याशी बोलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

कागद, आणि त्याहून महत्त्वाचं एक पान

ओळखपत्र, म्हणजे आधार किंवा मतदार कार्ड. ज्या गटातून अर्ज करताय त्याचा पुरावा: जातीचा दाखला, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, किंवा उत्पन्नाच्या गटातून असेल तर तहसीलदारांचा दाखला. दाखला हाताशी नसेल तर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र चालतं. संशय घेण्यासारखं काही नसेल तर प्रतिज्ञापत्र पुरेसं मानावं, असं कायद्याच्या १३व्या कलमातच म्हटलंय. आणि प्रकरणाचे कागद: समन्स, नोटीस, एफआयआरची प्रत, सातबारा, लग्नाची पत्रिका, दवाखान्याची चिठ्ठी, जे असेल ते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट द्यायची असते, ठाण्यात त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नका. माझ्याही नाही. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, पिशवीत परत ठेवा.

आता ते पान. घरी बसून, घाई न करता, एका कोऱ्या पानावर घटना तारखेनिशी लिहून काढा. लग्न कधी झालं, पहिल्यांदा हात कधी उगारला, माहेरी कधी आलात, पोलिसांत कधी गेलात. तारीख आठवत नसेल तर "गणपतीच्या आदल्या आठवड्यात" किंवा "धाकटीचं बारसं झालं त्या महिन्यात" असं लिहा. साक्षीदार कोण तेही. लिहिता येत नसेल तर पोरांकडून लिहून घ्या, आणि पोरांसमोर सांगण्यासारखं नसेल तर आमच्याकडे या, आम्ही लिहून घेऊ. विधी सेवेचा वकील दिवसाला बरीच प्रकरणं बघतो. त्याच्यासमोर दोन तासांची कहाणी आणि हे एक पान ठेवलंत, तर तो पान वाचेल. आणि त्याच पानातून तुमचा अर्ज तयार होईल. स्वतःच्या विरोधातल्या गोष्टीही त्यात लिहा. तुम्ही केलेली सही, घेतलेले पैसे, रागाच्या भरात पाठवलेला मेसेज. त्या समोरचा वकील काढणारच आहे. तुमच्या वकिलाला त्या भर कोर्टात पहिल्यांदा कळल्या तर तो काय करणार?

अर्ज

अर्जाचा छापील नमुना कार्यालयात मिळतो. साध्या कागदावर लिहिलेला चालतो, आणि लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलंही उतरवून घ्यावं लागतं. फी नाही, कोर्ट फी स्टँप नाही. बाहेर टायपिंगवाल्याकडे हा अर्ज बनवून घेण्यात शंभर-दोनशे घालवू नका.

अर्ज देऊन झाला की पोच घ्या. तारीख, शिक्का, नोंद क्रमांक. "बघतो, या सोमवारी" ह्या शब्दांवर घरी जाऊ नका. नालसाच्या २०१०च्या विनियमांप्रमाणे अर्जावर लगेच, फार तर ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर कारण लेखी मागा. त्या निर्णयाविरुद्ध त्याच संस्थेच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं, म्हणजे जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांकडे.

मंजूर झाला की नेमणुकीचं पत्र येतं. त्यात वकिलाचं नाव असतं. ह्या मदतीत काय काय येतं ते लोकांना पूर्ण ठाऊक नसतं: वकिलाचं मानधन, कोर्ट फी, समन्स बजावण्याचा खर्च, कागदांचं भाषांतर, अपिलासाठीची छपाई, निकालाच्या सहीशिक्क्याच्या नकला. हा सगळा भार प्राधिकरणाचा. पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलाने पक्षकाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही, असा स्पष्ट नियम आहे. "झेरॉक्सला द्या", "बाबूला चहापाणी", "ह्या अर्जाचे वेगळे" असलं काहीही नाही. मागितलेच तर देऊ नका, तारीख आणि रक्कम टिपून ठेवा आणि सचिवांना लेखी कळवा.

वकील मिळाल्यावर

लोक इथे सुटकेचा श्वास टाकतात आणि घरी जातात. मग सहा महिन्यांनी येऊन म्हणतात, "वकिलाने काहीच केलं नाही." कधी ते खरं असतं. बऱ्याचदा वकिलाकडे पक्षकाराचा चालू मोबाइल नंबरच नसतो.

पहिल्या भेटीत चार गोष्टी विचारून घ्या. पुढची तारीख कोणती? त्या दिवशी मी हजर पाहिजे का? माझ्याकडून कोणता कागद राहिलाय? आणि तुम्हाला फोन कधी केलेला चालतो? वकीलपत्रावर सही करताना ते वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका, वकील कितीही भला असला तरी.

प्रकरण दाखल झालं की त्याला १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो मागून घ्या. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी अ‍ॅप मोबाइलवर घेऊन त्यात हा क्रमांक टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, कुठला आदेश निघाला, सगळं दिसतं. एक भाजी विकणाऱ्या मावशी आता स्वतःच्या तारखा त्यावर बघतात आणि वकिलाला आदल्या संध्याकाळी आठवण करतात. त्यांचा वकील त्यांना थोडा वचकून असतो, असं मला वाटतं. पोटगीचं प्रकरण आहे त्यांचं, चाललंय नीट.

आता तो दुसरा प्रश्न: वकील बरा असतो का? पॅनेलवर तरुण वकील बरेच असतात. काही जीव ओतून काम करतात, काही तारखा ढकलतात. खासगी वकिलांमध्येही दोन्ही प्रकार भेटतात. फरक इतकाच की इथे तक्रार ऐकायला एक न्यायाधीश बसलेले आहेत. प्रकरणांवर देखरेख ठेवायला समिती असते आणि वकिलाला प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो. दोन-तीन तारखांना वकील आलाच नाही, फोन उचलत नाही, समोरच्या बाजूशी बोलणी करतोय असा संशय आहे, तर सचिवांकडे वकील बदलून मिळण्याचा अर्ज करा. कारणं तारखांनिशी लिहा. "मला आवडत नाही" हे कारण नव्हे. "निकाल माझ्या बाजूने लागेल असं तो सांगत नाही" हे तर मुळीच नव्हे. तसं सांगणाऱ्या वकिलापासूनच चार हात लांब राहा.

माणूस आत असेल तेव्हा

घरातल्या कुणाला अटक झाली की कुटुंब सैरभैर होतं आणि पहिल्या भेटलेल्या वकिलाला दागिने मोडून पैसे देतं. थोडं थांबा. अटक झालेल्याला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, आणि त्या पहिल्या हजेरीपासून त्याला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. कसाबच्या अपिलाच्या २०१२च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे ठणकावून सांगितलंय: आरोपीला हा हक्क आहे हे मॅजिस्ट्रेटने स्वतःहून सांगायचं, न सांगितल्यास खात्यांतर्गत कारवाईला सामोरं जावं लागेल. मुंबईवर हल्ला करणाऱ्यालाही जे नाकारता येत नाही ते तुमच्या भावाला, मुलाला कुणी कसं नाकारेल?

ह्या हक्कामागे महाराष्ट्रातल्या प्रकरणांचा मोठा वाटा आहे. १९७८च्या होसकोट प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळालीच पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही, असं सांगितलं. मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांना कोठडीत झालेल्या मारहाणीबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी पाठवलेलं पत्र कोर्टाने याचिका म्हणून दाखल करून घेतलं. १९८३च्या त्या निकालात, अटक केली की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवायचं, असा आदेश आहे. ठाण्यात "वकील कशाला पाहिजे आत्ताच?" असं कुणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

२०२२पासून फौजदारी प्रकरणांसाठी लोक अभिरक्षक ही व्यवस्था आली. सरकारी वकिलासारखंच बचाव पक्षाचं कार्यालय, पूर्णवेळ नेमलेले वकील, ज्यांना बाहेरची खासगी प्रकरणं घेता येत नाहीत. जिल्हा कोर्टात त्यांची खोली शोधा. अटकेच्या वेळी पॅनेलपेक्षा तिथे लवकर हालचाल होते.

आणि जामीन मिळूनही माणूस आत राहतो, ही गोष्ट बाहेरच्यांना खरी वाटत नाही. हमीदार मिळत नाही, रोख भरायला पैसे नाहीत. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ला ह्यावर आदेश दिले: जामीन होऊन ७ दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात हमी भरली गेली नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. कुणी कळवेल म्हणून वाट बघू नका. आठव्या दिवशी तुम्हीच सचिवांकडे जा. कच्च्या कैदेत बराच काळ गेला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९वं कलम वकिलाला विचारा. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्यात सुटकेची वाट आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि एकाहून जास्त गुन्हे चालू असतील तर तेही सोडून.

लोकअदालत: सही करण्याआधी

लोकअदालतीला पात्रता लागत नाही, कुणीही जाऊ शकतं. भरलेली कोर्ट फी परत मिळते, निकाल त्याच दिवशी. अपघाताची भरपाई, बँकेची थकबाकी, चेकची प्रकरणं तिथे झटपट मिटतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. एकदा सही केली की झालं. "सगळे मिटवतायत, तुम्हीपण मिटवा" अशा घाईत आकडा मान्य करू नका. बाजूला येऊन वकिलाशी पाच मिनिटं बोला, नाही पटलं तर नाही म्हणा. नाही म्हटल्याने मूळ प्रकरणावर काही परिणाम होत नाही, ते होतं तिथून पुढे चालू राहतं.

वीज, पाणी, विमा, दवाखाना, टपाल अशा सेवांच्या तक्रारींसाठी कायम लोकअदालत ही वेगळी गोष्ट आहे. १ कोटीपर्यंतचा वाद तिथे नेता येतो, मात्र कोर्टात जाण्याआधी. तिथे तडजोड झाली नाही तर ती निर्णयही देऊ शकते.

विनामूल्य काम करणारे वकील

पॅनेलवरच्या वकिलाला प्राधिकरण मानधन देतं. प्रो बोनो वकील कुणाकडूनच काही घेत नाही. बार कौन्सिलच्या नियमांतही गरजूला ऐपतीप्रमाणे विनामूल्य मदत करणं हे वकिलाचं मोठं कर्तव्य मानलंय. केंद्र सरकारच्या न्याय बंधू अ‍ॅपवरून अशा वकिलांची गाठ घालून दिली जाते, मात्र त्यासाठीही १२व्या कलमाचीच पात्रता लागते. मुंबईत मजलिस ही संस्था स्त्रियांची प्रकरणं लढते, 'प्रयास' तुरुंगातल्या लोकांसोबत काम करते. विधी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची सहाय्य केंद्रं असतात. तिथे अर्ज, नोटिशीचं उत्तर, सरकारी कागद ह्यांत छान मदत मिळते, पण विद्यार्थी कोर्टात उभे राहू शकत नाहीत.

अशा वकिलाकडे जाताना एक गोष्ट पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचारा: तुमची फी नाही, पण कोर्ट फी, टायपिंग, प्रवास ह्यांचा खर्च कोण करणार? न विचारल्यामुळे तिसऱ्या महिन्यात दोन्हीकडे अवघडलेपण येतं. खर्च झेपणार नसेल तर त्याच प्रकरणासाठी प्राधिकरणाकडे अर्ज करायचा मार्ग आहेच. शिवाय पोटगी, घटस्फोट, घरगुती हिंसाचार अशा प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४पासून कोर्ट फी माफ आहे. मोफत वकील घेतलेला नसला तरीही.

निकाल लागला की

जिंकलात तरी, हरलात तरी, त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. हरला असाल तर दिवाणी निकालावर जिल्हा कोर्टात ३० दिवसांत आणि हायकोर्टात ९० दिवसांत अपील. फौजदारी शिक्षेवर सेशन्सला ३० दिवस, हायकोर्टात ६०. अपिलासाठी नवा अर्ज करावा लागतो, आधीचा वकील आपोआप वर येत नाही. मनुष्य तुरुंगात असेल तर अर्ज तुरुंगातूनच जातो, तिथल्या विधी सहाय्य केंद्रात सांगायचं.

नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. पण ते मोजायचे कशावरून? नकलेच्या शेवटच्या पानावर, मागच्या बाजूला, एक शिक्का असतो: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. झेरॉक्स काढताना ते मागचं पान हमखास राहतं. दुकानातून निघण्याआधी उलटून बघा.